आगीच्या वर्दीनंतरच्या महिन्याचे काय?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो, तो १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर झालेल्या स्फोटांत प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. सप्ताहात त्यांना मानवंदना दिली जाते, शाळांतून प्रात्यक्षिके होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु अशा घटनेतून जिवंत परतलेल्यांच्या मनाची विचारपूस करण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही रुजलेली नाही, हे या सेवेत तीस वर्षे काढल्यानंतर खेदाने नमूद करावेसे वाटते.

आग जितकी मोठी तितका धक्का मोठा, असा सर्वसाधारण समज असतो. अनुभव तसा नाही. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. अशा ठिकाणी पाऊल टाकलेल्या माणसाच्या मनात ज्वाळांची उंची राहत नाही, तेथील खाटा राहतात. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीत दरड कोसळल्यानंतर ५७ जणांचा ठावठिकाणा लागलेला नसतानाच शोधकार्य थांबवावे लागले. तो निर्णय बरोबर होता, तरीही काम अर्धवट टाकून डोंगर उतरणाऱ्यांना तो पचवणे किती जड गेले असेल, याची मला कल्पना करता येते.

माझ्या पाळीतील एका जवानाने एका इमारत दुर्घटनेनंतर त्या रस्त्याने जाणेच सोडले. आम्ही त्याची थट्टा केली, कारण अग्निशमन केंद्रात दुःख हलके करण्याचा तोच एक मार्ग आम्हाला ठाऊक होता. (थट्टा नेहमीच वाईट असते असे नाही, वर्दीवरून, म्हणजे मदतीच्या हाकेवर जाऊन, परतल्यावर चहाच्या पेल्याभोवती झालेल्या हास्यविनोदानेच आम्हांपैकी अनेकांना सावरले.) पुढे त्याची झोप उडाली, दारू वाढली आणि शेवटी त्याने दीर्घ रजा मागितली, ती पाठदुखीच्या कारणाने. खरे कारण लिहिले तर आपल्याला पुन्हा बंबावर घेणार नाहीत, ही त्याची भीती होती.

आघातानंतर काही दिवस झोप न लागणे, दचकून उठणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे हे स्वाभाविक असते, आणि बहुतेक जण सहकाऱ्यांच्या व घरच्यांच्या आधाराने त्यातून सावरतात. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि कामकाजात व घरात अडथळा आणू लागली, तर मात्र तज्ज्ञ उपचारांची गरज असते. आपल्या प्रशासनाची घाई नेमकी उलट दिशेची आहे. घटनेच्या दोन दिवसांत सर्वांना सभागृहात बसवून समुपदेशकाचे व्याख्यान घडवले जाते, छायाचित्रे निघतात आणि विषय संपतो. सर्वांकडून त्या प्रसंगाची सक्तीने उजळणी करून घेणाऱ्या अशा बैठकांनी पुढील विकार टळत नाही, म्हणून त्या घेऊ नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच केली आहे.

त्यापेक्षा मोठ्या दुर्घटनेनंतर काही महिने तरी एका पाळीतील माणसे बदल्या करून विखरू नयेत, आणि साधारण महिन्याभराने प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी दलाबाहेरील मानसोपचारतज्ज्ञाकडून व्हावी. त्या तपासणीचा तपशील केंद्र अधिकाऱ्याच्या टेबलावर येता कामा नये; मी स्वतः त्या टेबलामागे बसलो आहे, म्हणून हे आग्रहाने लिहितो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतोच, तो सेवापुस्तिकेच्या व्यवहारातही पाळला जावा.

या सुधारणांना मंजुरी आणि तरतूद लागेल, वेळही लागेल. परंतु ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक, ज्यावर मराठीतूनही बोलता येते, प्रत्येक केंद्राच्या फलकावर लिहिण्यासाठी खडूखेरीज कशाचीही गरज नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्र अधिकारी, ठाणे