एकाच देवाची इतकी चर्च कशाला?

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

देव एक, पुस्तक एक, मग मुलांना एकच चर्च दाखवून भागत नाही का, असे बाबांनी गेल्या आठवड्यात फोनवर विचारले होते. तासाची वेळ झाल्यामुळे उत्तर राहिले, ते आता लिहिते.

महाविद्यालयातील बावीस मुलांना घेऊन आम्ही प्रथम नाना पेठेतील सिटी चर्चमध्ये गेलो. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांसाठी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये ते उभे राहिले, हे ऐकून चर्च म्हणजे इंग्रजांचीच देणगी असे मानणारी मुले गप्प झाली. ते कॅथलिकांचे असल्यामुळे दाराशी पवित्र पाणी, मारियेची मूर्ती आणि पापनिवेदनाची जागा अशा गोष्टी तिथे दिसल्या. लोक बूट घालून आत जात असतानाही आमच्या दोघा-तिघांनी चपला बाहेरच काढल्या. मीही त्यांना अडवले नाही. लष्कर भागातील सेंट मेरीज हे १८२५ चे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट पंथाचे चर्च. तिथे मुले भिंतींवरील स्मृतिफलकच वाचत राहिली.

खरा फरक शब्दांतून उलगडत गेला. कॅथलिकांची ‘मिस्सा’, प्रॉटेस्टंटांची ‘उपासना’; त्यांचा ‘स्नानसंस्कार’, यांचा ‘बाप्तिस्मा’. मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षारस हे खरोखरच ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे, तर प्रॉटेस्टंटांपैकी अनेक जण प्रभुभोजनाकडे प्रामुख्याने ख्रिस्ताच्या स्मरणाचा विधी म्हणून पाहतात. त्यामुळे एका पंथाचा माणूस दुसऱ्याच्या वेदीवरचा तो घास सहसा घेऊ शकत नाही. “म्हणजे एका पंगतीला बसायचे की नाही, हाच प्रश्न,” असे एक मुलगी म्हणाली. वाक्य ढोबळ होते, पण मला खोडता आले नाही. १९७० मध्ये उत्तर भारतातील अँग्लिकनांसह सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले, तेव्हा त्यांचे प्रभुभोजनही एकत्र झाले. कॅथलिक मात्र त्यात नव्हते.

या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्याच गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयात आम्ही मराठी उपासनेला बसलो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे पद सुरू झाले आणि अभंगाच्या वळणाची ती चाल ऐकून आमची मुले नकळत मान डोलावू लागली. आई, तू तिथे हवी होतीस. बाबा, हेच ते पंचहौद मिशन. १८९० मध्ये इथे मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्यावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे भांडण माजले आणि न्यायमूर्ती रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. पंगतीचा प्रश्न आपल्याही घरचाच, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

उपासनेनंतर पाळकांनी आम्हा सर्वांना चहा दिला. साखर जरा जास्त होती, तरी सगळेच कप रिकामे झाले. पुढच्या रविवारी मेथडिस्ट या आणखी एका प्रॉटेस्टंट पंथाकडे जायचे आहे; तिथली हकीकत पुढच्या पत्रात लिहीन.

तुमची,
माई