कोऱ्या कागदाचा अर्थ सांगणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

सप्टेंबर २०१९मध्ये मी पुण्याहून लंडनला कायदा शिकायला आले आणि इथलं संविधान कुठल्या पुस्तकात मिळतं, असं तुम्हाला विचारलं. तुम्ही हसला नाहीत. चहा टाकलात आणि म्हणालात, "एका पुस्तकात नाही मिळायचं. थोडं १६८९च्या बिल ऑफ राइट्समध्ये, थोडं १९९८च्या मानवी हक्क कायद्यात, थोडं कोर्टाच्या निकालांत. बाकीचं रीत म्हणून पाळतात."

नेमकी तीच रीत तेव्हा ताणली जात होती. ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याची, मुदत तोंडावर असताना पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसद पाच आठवडे संस्थगित केली होती, म्हणजे तिचं कामकाजच बंद ठेवलं होतं. राणीचाच हुकूम म्हटल्यावर प्रश्न मिटला, असं मला वाटलं. तुम्ही समोर बसवून सांगितलंत : विशेषाधिकार नावाला राजाचे, वापरतो पंतप्रधान, आणि ज्या संसदेला त्याने उत्तर द्यायचं, तीच घरी पाठवली तर त्याला विचारणार कोण?

त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा २४ तारखेचा निकाल आपण तुमच्या घरी टीव्हीवर पाहिला. कोर्टाच्या अध्यक्षा लेडी हेल संथपणे वाचत होत्या, तुमचा चहा तसाच निवला. अकराच्या अकरा न्यायमूर्तींचं एकमत : तो सल्लाच बेकायदा. राणीचे प्रतिनिधी जणू कोरा कागद घेऊन सभागृहात गेले होते, म्हणजे संसद संस्थगित झालीच नव्हती. मी केशवानंद भारती खटला शिकून आलेली; संविधानाची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही, असं त्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं. कोर्टाने सरकारला अडवलं याचं मला नवल नव्हतं. पण इथलं कोर्ट संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही, ते त्या दिवशी संसदेच्या बाजूने उभं राहिलं होतं, हा फरक तुम्ही दाखवलात. मग १६११चा निकाल काढून दिलात : कायदा देईल तेवढाच राजाचा अधिकार. चारशे वर्षांनी ते वाक्य पंतप्रधानाला लागू पडलं होतं! त्या रात्री मला झोप लागली नाही.

२०२२मध्ये नवा कायदा आला. हाउस ऑफ कॉमन्स विसर्जित करण्याचा अधिकार पुन्हा राजसत्तेकडे, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानाकडे गेला. तिसऱ्या कलमावर माझी पेन्सिल थांबली : या अधिकाराच्या वापराबद्दल कोर्टाने प्रश्न विचारायचा नाही. लगेच तुम्हाला फोन लावला. "आता तू सांग, मी ऐकतो," म्हणालात, आणि तासभर मधे एक शब्द बोलला नाहीत.

त्या तासासाठी, काका, मनापासून आभार.

तुमची,
वरच्या मजल्यावरची मुलगी