पुढच्या पुराआधी या काचा वर न्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आमच्या वाड्यात पाणी माडीच्या तुळयांना टेकलं. ओसरल्यावर मागच्या खोलीतून जो चिखल उपसला, त्यात दोन लाकडी पेट्या निघाल्या. आजोबांच्या काचा.

काचा म्हणजे निगेटिव्ह. फिल्म सर्रास होण्याआधी फोटो काचेवर काढत. माझे आजोबा सांगली संस्थानात फोटोग्राफर होते. पोट चालायचं ते सरदार-जहागीरदारांच्या बैठकींवर, मुंजी-लग्नांवर, आणि कधी कधी तिरडीवरच्या शेवटच्या फोटोवर. नदी मात्र त्यांनी फुकट काढली. हंगाम बघून बैलगाडीत कॅमेरा, तिकाटणं आणि काचांची पेटी घालायची आणि हरिपूर, औदुंबर, नृसिंहवाडी असं काठाकाठाने हिंडायचं. आजीच्या मते हा शुद्ध आतबट्ट्याचा धंदा होता. तिचं बरोबरच होतं.

पेट्या उघडल्या तेव्हा कुजलेल्या सरसाचा वास आला. जिलेटिन म्हणजे शेवटी सरसच. चित्र काचेत नसतं. काचेवर पसरलेल्या सरसाच्या पातळ थरात चांदीचे बारीक कण असतात, त्यांचं ते चित्र. थर पाण्यात फुगतो, काचेवरून सुटतो, आणि सायीसारखा गोळा होतो. आम्ही वर आणखी एक चूक केली. पेट्या तशाच उन्हात ठेवल्या. काचा ओल्या असतानाच एकेक सुट्या करून, उभ्या ठेवून, सावलीत वाळवायच्या असतात, हे मला चार महिन्यांनी कळलं. तोवर त्या एकमेकींना चिकटून विटेसारखा ठोकळा झाला होता. शंभराच्या वर काचा होत्या, हाताशी लागल्या एकतीस.

या एकतीस काचांत काय आहे ते सांगतो, म्हणजे पत्र का लिहितोय ते कळेल.

एकीत हरिपूरचं हळद साठवायचं पेव आहे. जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद, आत घागरीसारखं फुगत गेलेलं. एका गड्याला दोराने आत सोडतायत आणि काठावर एक जण कंदील धरून बसलाय. आत हवा आहे की नाही हे दिव्यावरून कळायचं. बाजूला हळदीचा ढीग आहे आणि तो कोळशासारखा काळा दिसतो. त्या काळच्या प्लेटींना निळा रंग चटकन दिसायचा, पिवळा-तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून नदीवरचं आभाळ कोरं पांढरं, आणि हळद काळी. २००५च्या पुरात या पेवांमध्ये पाणी शिरलं तेव्हापासून तो सगळा व्यवहार मोडत गेला. आज हरिपुरात पेव म्हणजे काय हे पोरांना हाताने हवेत आकार काढून सांगावं लागतं.

दुसऱ्या काचेत गुळाची काहील नदीत सोडलीय. तीत चार बाया आणि एक शेरडू. गुऱ्हाळ संपलं की काहील पलटून ठेवायची आणि पावसाळ्यात तिचीच नाव करायची, ही कृष्णाकाठची जुनी रीत. बाया कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, पाण्याकडे बघतायत. शेरडू हललं म्हणून त्याला दोन तोंडं आलीत. तिसरीत मोट, म्हणजे बैलांनी पाणी ओढायची कातडी पिशवी: बैल धावेच्या उतारावरून उतरतायत, आणि थारोळ्यात पडणारं पाणी इतकं हललंय की पिंजलेल्या कापसासारखं दिसतं.

आणि एक काच आहे जिच्याकडे मी फार वेळ बघू शकत नाही. कडेला आजोबांच्या हातची नोंद: ‘सरकारी घाट, मार्गशीर्ष शके १८४०’. म्हणजे १९१८ची अखेर. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला होता आणि मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ घरंच्या घरं नेत होती. घाटाच्या पायऱ्या अगदी तळापर्यंत उघड्या पडल्यात. पात्रात वाळूत झरे खणलेत, एका झऱ्यापाशी एक म्हातारी वाटीने घागर भरतेय. एरवी हा घाट सकाळी माणसांनी फुललेला असतो. फोटोत मी मोजली, सहा माणसं.

मंत्रिमहोदय, घाटाच्या पायऱ्या आजही जागेवर आहेत आणि त्यांची उंची टेपने मोजता येते. म्हणजे ज्या काचेवर जागा आणि तिथी लिहिलीय, तिथे त्या दिवशी पाणी किती होतं हे पायऱ्या मोजून काढता येतं. वाळू कुठवर होती, मळीची जमीन कुठे होती, काठावर झाडी किती होती, हे डोळ्यांनी दिसतं. कोयना धरण होण्याआधीची, उपसा सिंचन आणि उसाच्या आधीची, उन्हाळ्यात आटणारी कृष्णा बघितलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटर ठेवायची की ५२४, यावरून आपल्याकडे पावसाळा आला की वाद पेटतो. जुने फोटो त्या वादाचा निकाल लावतील, असं मी म्हणत नाही. पण नदीच्या जुन्या वागण्याचा पुरावा आमच्या माळ्यांवर सडत असताना आपण नुसते आकडे घेऊन भांडतो, हे बरं दिसत नाही.

रशियात सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की नावाचा फोटोग्राफर होता. झारने त्याला डार्करूम असलेला रेल्वेचा डबा दिला, आणि १९०९ ते १९१५ या काळात तो व्होल्गा, ओका, शेक्सना या नद्यांच्या काठाने काचा भरत हिंडला. शेक्सनेकाठच्या तीन शेतकरी मुली हातात बोरांसारख्या फळांच्या थाळ्या धरून उभ्या आहेत, तो १९०९चा रंगीत फोटो आपण कदाचित पाहिलाही असेल. एकाच दृश्याची तीन फिल्टरांतून तीन चित्रं घेऊन तो रंग साधायचा. क्रांतीनंतर तो देश सोडून गेला आणि १९४४ मध्ये पॅरिसला वारला. १९४८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याच्या वारसांकडून १,९०२ निगेटिव्ह विकत घेतल्या, पुढे स्कॅन केल्या, आणि आज सांगलीतला शाळकरी मुलगाही त्या मोबाईलवर उतरवून घेऊ शकतो. शेक्सना नदी १९०९ साली कशी होती हे मला दिसतं. वारणा कशी होती, ते दिसत नाही.

आमच्या आजोबांना कुणी रेल्वेचा डबा दिला नव्हता, आणि मी तो आता मागतही नाही. संग्रहालय मागत नाही, पुतळा नको, कोनशिला तर नकोच. सांगली किंवा कोल्हापुरात पूररेषेच्या वर एक थंड, कोरडी खोली द्या. काचा आडव्या रचल्या की खालच्या फुटतात, म्हणून त्या उभ्या ठेवायला कप्पे, आम्लविरहित कागदाची पाकिटं, एक चांगला स्कॅनर आणि हे काम शिकलेली दोन माणसं. पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्यात आहे, त्यांचं कोल्हापुरात दप्तर आहे. नवं महामंडळ काढण्याची गरज नाही.

पण एक अट मी हात जोडून घालतो: काचा मागू नका. मी २०२० साली एका सरकारी कचेरीत गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी चहा पाजला, काचा उजेडाला धरून कौतुक केलं (बोटांचे ठसे अजून आहेत) आणि म्हणाले, “जमा करा, पावती देतो.” परत कधी मिळतील, विचारलं, तर हसले. मी पिशवी उचलली आणि घरी आलो. काठावरच्या जुन्या फोटोवाल्यांच्या घरांत अजून पेट्या आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांतले निम्मे लोक पावतीच्या भीतीनेच तोंड उघडत नाहीत. बाकीच्यांनी तर कढत पाण्याने थर धुऊन काचा देवांच्या तसबिरींना कधीच लावून टाकल्या. आमच्याच देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीला अशी एक काच आहे. तिच्यावर आधी काय होतं, कुणास ठाऊक. तर माणूस घरी पाठवा, स्कॅन करा, मूळ काच ज्याची त्याला परत द्या, आणि ज्याला सांभाळणं जमत नाही त्यानेच आपणहून खोलीत ठेवावी.

२०२१ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा माझ्या एकतीस काचा बचावल्या, कारण त्या मुलीकडे विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर होत्या. अजून तिथेच आहेत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या धोतराच्या घड्यांमध्ये. आपला माणूस आला तर मी स्वतः दाखवीन. फक्त त्याला सांगून ठेवा: हातमोजे घालायचे, आणि काच कडेने धरायची.

आपला,
गावभागातला एक रहिवासी
सांगली