फुटलेला बंपर फेकू नकोस

चोपडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. गाडी कशी शे? तोरणमाळच्या वाटेवर थार दगडावर आपटल्याचे फोटो मिळाले. तुम्हा दोघांना खरचटलंसुद्धा नाही, हे वाचल्यावर जीव भांड्यात पडला. मग फोटो मोठे करून नीट पाहिले. डावा कोपरा फाटलाय, एक क्लिप तुटलीय, बाकी बंपर शाबूत आहे. आणि तू लिहितोस, धुळ्याला जाऊन लोखंडी गार्डच ठोकून घेतो. भाऊ, तेवढं करू नकोस.

प्लास्टिक हे नुसतं वरचं आवरण. धक्का सोसायला त्याच्या मागे धातूची आडवी पट्टी असते आणि एअरबॅगचं गणित गाडीचा पुढचा भाग कसा चेपतो त्यावर बसवलेलं असतं. पुढे जाड लोखंड आलं की ते गणित बिघडू शकतं. बाजाराच्या दिवशी समोर आलेल्या माणसाचं काय होईल, ते वेगळंच. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. शिवाय थारचा पुढचा चढ-कोन, म्हणजे नाक न घासता गाडी चढू शकते तो कोन, कंपनीने 41.8 अंश दिलाय. खाली लोंबणारं गार्ड लावून तो का घालवायचा?

आता दुरुस्तीचं. बंपर काढून उलटा कर आणि आतल्या बाजूचा शिक्का वाच. PP+EPDM, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि त्यात रबर, असं असेल तर गोंदाच्या नादी लागू नकोस. पॉलिप्रॉपिलीनला साधा गोंद धरतच नाही, दोन दिवसांत सुटतो. ते वितळवूनच जोडावं लागतं, आणि चिरेत वितळवून भरायची प्लास्टिकची काडीही त्याच जातीची हवी. ABS हे दुसऱ्या जातीचं प्लास्टिक निघालं तर गोष्ट वेगळी. ते ॲसिटोनमध्ये विरघळतं, त्यामुळे त्याचेच तुकडे विरघळवून लेप करता येतो. हीच युक्ती PP वर केलीस तर काहीच होणार नाही.

चीर जिथे संपते तिथे आधी 3 मिमीचं भोक पाड, नाहीतर जोडल्यावरही ती पुढे सरकते. बंपर साबणाने धू, पूर्ण वाळू दे. चिरेच्या कडा तासून खाच कर, बाहेरून ॲल्युमिनियमची टेप लावून आकार धरून ठेव. आतून स्टेनलेस स्टीलची जाळी गरम सोल्डरिंग आयर्नने दाबून बसव आणि वर काडी वितळवून भर. ताकद त्या जाळीतच असते, तिथे घाई करू नकोस. PP साधारण 160 अंशांच्या पुढे वितळतं, पण धूर निघाला की समज, ते जळतंय, आणि जळलेला सांधा ठिसूळ होतो. काम दार उघडं ठेवून, वाऱ्यात कर.

कोपरा कापून टायरला जागा करायची तुझी कल्पना मला आवडली. पण फक्त खालचा फाटका पदर काप. फॉग लॅम्प आणि नंबर प्लेटच्या जागेला हात लावू नकोस, आणि आधी आरटीओत विचारून घे. मास्किंग टेपवर रेघ मारून हॅक्सॉच्या पात्याने काप. ग्राइंडर प्लास्टिक कापत नाही, वितळवतो. उघड्या कडेवर रबराची पट्टी बसव.

रंगाचा आग्रह धरू नकोस. काळं, बिनरंगाचं प्लास्टिक पुढच्या वेळी ओरखडलं तरी चालतं. रंगवायचंच असेल तर आधी प्लास्टिकचा प्रायमर, नाहीतर पापुद्रे निघतील. आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हात काळं प्लास्टिक राखाडी पडतंच. लोक हीट गनने ते परत काळं करून दाखवतात, पण तो उजळपणा टिकत नाही आणि वारंवार तापवलं की प्लास्टिकचं वयच कमी होतं. अतिनील किरणांपासून वाचवणारं ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिकवर चोळायचा लेप, अधूनमधून लाव, गाडी शक्यतो सावलीत उभी कर.

आणखी एक. थंडीत पहाटे सातपुड्यात निघालास तर पहिले दगड सावकाश ओलांड. गारठ्यात हे प्लास्टिक कडक आणि ठिसूळ होतं. त्यात EPDM हे रबर घालतात ते मुळात त्यासाठीच.

रविवारी बंपर घेऊन इकडे ये. आयर्न आणि जाळी माझ्याकडे आहे. फाटलेला एकही तुकडा टाकू नकोस, त्याच्याच पट्ट्या काडी म्हणून वापरू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र