काका, तुमची कात्रणं आणि तुमचे टोमणे

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मा. गो. वैद्यांच्या पत्रकारितेवरचा माझा प्रबंध एकदाचा छापून झाला. ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे उघडं पत्र. नाव इथेही घालत नाही, पण नागपूरच्या महालात सगळ्यांना कळेलच.

विषय ठरला तेव्हा घरच्यांनी भुवया उंचावल्या. आमचं घर दीक्षाभूमीच्या वाटेवरचं, त्यात संघाच्या माणसावर प्रबंध! तुम्ही मात्र आयुष्य मुद्रितशोधनात घालवलेलं. मला एवढंच विचारलंत, "काऊन बाप्पा, विरोध करायला तरी वाचावं लागते का नाही?" आणि दिवाणाखालची कात्रणं काढून दिलीत. एकेक कागदावर डकवलेली, कोपऱ्यात तारीख. तारखेविना कात्रण म्हणजे रद्दी, हे तुमचं म्हणणं तेव्हा मला हेकेखोरपणाचं वाटलं होतं.

पहिल्या मसुद्यात मी 'संघाचं मुखपत्र' म्हणून नागपूरच्या 'तरुण भारत' दैनिकाला दोन ओळींत निकालात काढलं होतं. तुम्ही समासात लिहिलंत : "कोणाच्या काळातलं?" तेवढ्याने अख्खं प्रकरण फिरलं. 'तरुण भारत'चे आधीचे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर 1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो तिथेच. त्याच पत्राच्या संपादकपदी पुढे वैद्य आले, आणि उतारवयात त्यांनी छोट्या राज्यांची, वेगळ्या विदर्भाची बाजू मांडली. एकाच पत्राचे दोन संपादक, दोन वेगळे नकाशे! मुखपत्र म्हटलं की हे सगळं झाकलंच जातं.

मग तुम्ही प्रत्येक मजकुराला एकच प्रश्न लावायला शिकवलंत : हे लिहिताना माणूस कुठल्या खुर्चीत होता? 1966 पर्यंत हिस्लॉप कॉलेजात संस्कृत शिकवणारा प्राध्यापक, नंतर पत्रकार, 1978 ते 1984 विधान परिषदेचा सदस्य, पुढे संघाचा प्रवक्ता. बिननावाचा अग्रलेख पत्राचा, सहीचं 'भाष्य' हे सदर माणसाचं. 2012 मध्ये भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांच्याविरुद्धच्या मोहिमेचं मूळ गुजरातेत दिसतं, असं त्यांनी लिहिलं तेव्हा ते कुठल्याच खुर्चीत नव्हते. संघपरिवारातच खळबळ उडाली. माझ्या मते तो प्रबंधातला सर्वांत वाचनीय भाग आहे. तुम्हाला तो लांबलेला वाटला, हे माहीत आहे. असो.

त्यांची मतं मला आजही पटत नाहीत. आरक्षणावरच्या प्रकरणात मी ते स्पष्ट लिहिलंय. तुम्ही ते पान वाचलंत, एक अनुस्वार दुरुस्त केलात आणि युक्तिवादाला हातही लावला नाहीत. स्वतः पक्के शाखेतले असून! मार्गदर्शकांनी सुद्धा तिथे दोन वाक्यं मऊ करायला सांगितली होती.

कात्रणांची बंडलं रविवारी आणून देते, तारखांच्या क्रमानेच लावली आहेत. प्रबंधाची एक प्रत सोबत आणीन. कृपया लाल पेन बाजूला ठेवूनच वाचा, आता काही बदलता येणार नाही.

तुमची,
प्रबंधवाली