अंगठा लागत नाही म्हणून रेशन अडवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रेशन दुकानात अंगठा लागत नाही म्हणून म्हातारी माणसं परत जातात हे काही नवीन नाही, पण त्यात कॅन्सरचे पेशंट पण अडकतात त्यावर कुणी फारसं बोलत नाही म्हणून लिहितोय.

माझ्या आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालं आणि आता कॅपेसिटाबिनच्या, म्हणजे तोंडाने घ्यायच्या केमोच्या, गोळ्या चालू आहेत, दोन आठवडे घ्यायच्या मग एक आठवडा गॅप. सलाइन नाही, केस पण गेले नाहीत, त्यामुळे शेजारीपाजारी ती आजारी आहे हे मानायलाच तयार नाहीत! पण हातपाय बघा जरा. तळवे लालभडक, नुसती आग, आणि बोटांची सालं निघून निघून टोकं इतकी गुळगुळीत झालीत की रेषा दिसतच नाहीत. गोळ्यांमुळे होणाऱ्या ह्या त्रासाला डॉक्टर हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. मशीनवर अंगठा झाला, बाकीची बोटं झाली, पदराला हात पुसून परत अंगठा झाला, दुकानदार म्हणतो आधार अपडेट करून आणा. अहो ठसाच नाही तर अपडेट काय करणार? गोळ्या थांबल्या की बहुतेकांचे ठसे परत येतात, पण तोवर खायचं काय?

सिंगापूरच्या एका पेशंटला ह्याच गोळीने ठसे गेल्यामुळे अमेरिकेत विमानतळावर अडवून ठेवलं होतं, त्याच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये ते जर्नलमध्ये छापलं आणि अशा पेशंटनी प्रवासात डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवावं असं सुचवलं. म्हणजे ही माहिती जुनीच आहे. आधार काढताना डोळ्यांची बुबुळं पण घेतलेली असतात, मोबाईलवर ओटीपी पण येतो, मग पुरवठा खात्याने दुकानदारांना एकदा स्पष्ट सांगावं ना, की डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर बोटाचा हट्ट धरू नका.

हॉस्पिटलवाल्यांना पण एक विनंती, गोळ्या देतानाच हाताचं सांगा. आम्हाला चिठ्ठीवर फक्त 'काळजी घ्या' एवढंच होतं आणि आई गरम पाण्यात भांडी घासत राहिली. दिल्लीच्या एम्समध्ये ह्याच गोळ्या घेणाऱ्या २६४ पेशंटवर ट्रायल झाली, दुखण्यावर लावतात ते साधं डायक्लोफिनॅक जेल हाताला लावलेल्यांत हा त्रास जास्त वाढलेले १०० मागे ४ च्या आसपास आणि नुसतं बिनऔषधी जेल लावलेल्यांत १५. २०२४ ला छापून आलंय. मेडिकलमधून आणून परस्पर लावा असं नाही म्हणत, पण पेशंटने डॉक्टरांना विचारावं तरी. आणि दुखायला लागलं तर अंगावर काढू नका, लगेच कळवा, डॉक्टर डोस कमी करतात किंवा काही दिवस गोळ्या थांबवतात.

– एक वाचक, सांगली