नवी गाडी, आण्णा आणि सीएनजीची लाईन : मित्रास पत्र

प्रिय दोस्ता,

गाडी कशी आहे, खरं सांग, असं तू विचारत होतास आणि मी नुसतं "मस्त आहे" म्हणून सोडून देत होतो, कारण फोनवर तुझ्यासमोर दुकानात गिऱ्हाईक असतं आणि माझ्या मागे ऑफिसातलं कोणीतरी उभं असतं. आज रविवार, घरातले सगळे जेवून आडवे झालेत, म्हणून बसलोय लिहायला. शिवाय वहिनींकडून कळलं की तूही परत गाडी घ्यायचं मनात आणतोयस. 2021 च्या जुलैमध्ये तुझी गाडी पुरात गेली त्यानंतर तू गाडीचं नावच काढत नव्हतास, त्यामुळे हे ऐकून फार बरं वाटलं रे. म्हणून ठरवलं की जे काय सुख आहे आणि जे काय डोक्याला ताप आहे ते सगळं एकदाच तुझ्यापुढे मांडायचं.

आधी खरेदीचं सांगतो. 2025 च्या 15 ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली तेव्हा आमचं बुकिंग करायचं जवळजवळ ठरलं होतं, पण बायको म्हणाली थांब, आणि तिचं ऐकलं ते फार चांगलं झालं. 3 सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय आला, चार मीटरच्या आतली 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा सीएनजी गाडी असेल तर आधी 28 टक्के जीएसटी आणि वर 1 टक्का सेस होता तो सरळ 18 वर आला, लागू 22 सप्टेंबरपासून. त्याच्या आधीचे पंधरा दिवस पितृपक्ष, त्यात तसंही कोणी गाडी उचलत नाही, आणि 22 लाच घटस्थापना! म्हणजे स्वस्ताई आणि मुहूर्त एकाच दिवशी, मग शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

आम्हाला दसऱ्याची डिलिव्हरी मिळाली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सगळं झालं, आईनं औक्षण केलं, आणि लेकीनं आपट्याची पानं डॅशबोर्डवर ठेवली. पण तुला एक सांगतो, गाडी तपासायचं काम दसऱ्याच्या दिवसावर ठेवू नकोस, त्या गर्दीत कोण काय बघणार. मी आदल्या दिवशीच जाऊन उजेडात गाडी फिरून बघितली. किलोमीटर किती पडलेत, रंगाला कुठे टचअप केलंय का, चासी नंबर कागदावरचाच आहे ना, आणि टायरवर बारीक चार आकडे असतात ते बघ, पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष. गाडी यार्डात किती दिवस पडून होती त्याचा अंदाज त्यावरून येतो. सेल्समन थोडा कंटाळला, कंटाळू दे, पैसे आपले आहेत.

इन्शुरन्सवरून मात्र बरीच हुज्जत झाली. त्यांचं म्हणणं आमच्याकडूनच घ्या, आणि सोबत मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, परफ्यूम असं एक पॅकेज, किंमत ऐकून बायकोनं माझ्याकडे नुसतं बघितलं. थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, 2018 पासून तो नियमच आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपण बाहेरून घेऊ शकतो आणि मी तसाच घेतला, बरेच पैसे वाचले. आणि त्यात इंजिन प्रोटेक्ट टाकलाच. तुझं ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, की पाण्यात बुडालेली गाडी चुकूनसुद्धा स्टार्ट करायची नाही, पाणी इंजिनात गेलेलं असतं आणि चावी फिरवली की पिस्टन रॉड वाकतात, आणि साध्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत. सिंहगड रोडला पावसाळ्यात पाणी कसं भरतं ते तू बघितलंयस, त्यामुळे इथंही तो लागतोच. तू तर चिपळुणात राहतोस, तू बाकी काही घेऊ नकोस पण हे घे.

आता आमच्या वडिलांचं, आण्णांचं सांगतो, खरं तर मला तेच सांगायचं होतं, बाकीचं सगळं त्याच्या अवतीभोवती आहे.

तुला माहितीय आण्णांची सगळी नोकरी एसटीच्या पाटण आगारात ड्रायव्हर म्हणून गेली. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या त्या गाड्या, पावसाळ्यात कुंभार्ली घाट, धुकं, मागे पन्नास माणसं, आणि घरी स्वतःची सायकल. रिटायर झाल्यावर त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. गाडी आणली त्या दिवशी पुढच्या सीटवर बसून त्यांनी आधी आरसे बघितले, मग माझ्या सीटची उंची, मग म्हणाले, "हॉर्न कमी वाजव, आणि चढताना ज्या गिअरला चढली त्याच गिअरला उतरव." बास, एवढंच. मी लायसन्स काढून किती वर्षं झाली पण घाट कसा उतरवायचा हे मला ह्या दिवाळीत गावाला जाताना कळलं. खंबाटकी चढताना ट्रक रांगेत अडकलेले, आणि आण्णा शांतपणे सांगतायत, आता थांब, पुढच्याला अंतर दे, तो मागे घसरेल, आता दुसरा टाक. ओरडणं नाही, काही नाही. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं एवढा वेळ शेजारी बसून बोललो असू. गावात पोचल्यावर मी चावी त्यांच्या हातात दिली, म्हटलं ग्रामदैवताला तुम्हीच न्या. ते जरा वेळ नको नको म्हणाले, मग बसले, आणि अरे काय चालवली त्यांनी, त्या अरुंद बोळातून एकदाही रिव्हर्स न घेता थेट देवळापुढे. अख्खी आळी बघत होती. मला एवढा अभिमान स्वतःच्या कशाचा कधी वाटला नाही.

आणि दुसरं आईचं. पुण्याहून गावाला जाताना उंब्रजला वळतो ना आपण मल्हारपेठकडे, तिथून चाफळ किती जवळ आहे, आणि आईला चाफळच्या राममंदिरात जायचं होतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलंच नाही, कारण एसटीतून मध्येच उतरलं की पुढच्या गाडीला जागा मिळायची नाही, सामान, पोरं, अंधार व्हायच्या आत पोचायचं, मग कशाला बोलायचं. ह्या वेळी उंब्रज आलं तेव्हा ती मागून हळूच म्हणाली, "वेळ असला तर चाफळला जाऊ या का?" गेलो. समर्थांचा मारुती बघितला, येताना माजगावचा पण केला, आई प्रत्येक ठिकाणी निवांत टेकली, कोणी घाई केली नाही. तेव्हापासून ती बोलायला लागलीय, अमक्या मैत्रिणीकडे जाऊ, अमक्याचं बारसं आहे, मावशीला दवाखान्यात नेऊन आणू. माझ्या मते गाडीचे हप्ते ह्यासाठी आहेत, सात वर्षं भरायचे तर भरू.

बरं आता तापाचं ऐक. पहिला नंबर सीएनजीचा. मी सीएनजी घेतली कारण पेट्रोल 100 च्या वर आणि माझं रोजचं धायरी ते हिंजवडी, हिशोब करून बघितला तर दुसरं परवडत नव्हतं. शहरात किलोला 20-22 पडतो, हायवेला 25 च्या आसपास, त्यात मी खूश आहे. दोन छोटे सिलेंडर आहेत, 30-30 लिटरचे, डिकीच्या तळाशी बसवलेले, त्यामुळे डिकीत बॅगा बसतात, तांदळाचं पोतं बसतं, फक्त स्टेपनी गाडीच्या पोटाखाली गेलीय आणि पंक्चर झाल्यावर चिखलात ती काढायची म्हणजे कठीण काम आहे. पण भरायची लाईन! संध्याकाळी रिक्षा, कॅब, टेम्पो सगळे एकदम येतात आणि लागोपाठ गाड्या भरून भरून पंपाचं प्रेशर उतरतं, मग 200 बारला भरायचा तो गॅस कमीच भरतो, म्हणजे तासभर उभं राहूनही टाकी अर्धवट. उन्हाच्या वेळी तर अजूनच कमी. त्यामुळे मी आता पहाटे साडेपाचला जातो, तेव्हा लाईन कमी आणि गॅस पूर्ण बसतो. तूही घेतलीस तर हेच कर.

आणि भरताना सगळ्यांनी गाडीतून खाली उतरायचं हा नियम, तो बरोबरच आहे, सुरक्षेचा आहे, पण आईचे गुडघे तुला माहितीयत. लांबच्या प्रवासात दर वेळी तिला उतरवायचं, परत चढवायचं. साताऱ्याच्या अलीकडच्या एका पंपावरच्या पोरानं न सांगता आतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली सावलीत, आईनं त्याला कानवल्याचा डबाच दिला. घाटात मी बटण दाबून पेट्रोलवर घेतो, कारण गॅस हवेची जागा खातो, सिलेंडरमध्ये हवा कमी जाते आणि चढावर ओढ कमी पडते, पाच माणसं आणि एसी असला की फरक लगेच कळतो. आणि टाकीची टेस्टिंग दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याची तारीख झाकणाजवळच्या प्लेटवर असते, ती संपली तर पंपवाले भरत नाहीत, हे आत्ताच डोक्यात ठेव.

मग ते बीप. 80 च्या वर गेलं की गाडी टुक टुक करते, 120 ला तर थांबतच नाही, 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना तसं बंधनकारक आहे. हायवेला मोकळा रस्ता असला तरी 85 ला पण वाजतं. सुरुवातीला वैताग आला, मग आण्णा म्हणाले आमच्या गाड्यांचा वेग कंपनीच बांधून ठेवायची, वाजतंय ते बरंय. तेव्हापासून मी 78-79 वरच ठेवतो आणि खरं सांगू, थकवा पण कमी येतो. पुढच्या सीटवर भाजीची जड पिशवी ठेवली तरी गाडीला वाटतं माणूस बसलाय आणि बेल्टसाठी ओरडते, म्हणून आता पिशवी खाली पायाशी.

पहिला ओरखडा सोसायटीच्या पार्किंगमध्येच पडला. मागच्या दारावर, चांगला वीतभर, कोणाच्या तरी बाईकचं हँडल घासलं असणार, चिठ्ठी नाही काही नाही. मला दोन दिवस जेवण गेलं नाही रे. इन्शुरन्समध्ये क्लेम केला तर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो, म्हणून तसाच ठेवलाय, पण रोज सकाळी नजर तिथेच जाते. माणसानं सांगावं फक्त, मी भांडलो नसतो. शेजारच्यांच्या गाडीचं वायरिंग उंदरांनी खाल्लं आणि ते वॉरंटीत बसत नाही म्हणे, तेव्हापासून मी बॉनेटखाली तंबाखूच्या पुरचुंड्या ठेवतो, बघू. आरसीचं कार्ड पोस्टानं यायचंय ते अजून आलेलं नाही, डिजिलॉकरवर दिसतंय तेवढ्यावर चाललंय. आणि मोबाईल गाडीच्या स्क्रीनला जोडलेला नेमका नऱ्हेच्या चौकातच तुटतो, मॅप गायब. सर्व्हिसिंगला सांगितलं तर म्हणाले अपडेट येईल. शेवटी साधी केबल लावली, आता नीट चालतंय.

टोलचं एक चांगलं झालंय, फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, 2025 मध्ये 3000 रुपयांत, 200 वेळा किंवा वर्षभर, जे आधी संपेल ते. गावाला जाऊन-येऊन खेड शिवापूर आणि आनेवाडी धरून चार मोजले जातात, त्यामुळे मला भरपूर पुरतो. फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेलाच चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला नाही, तू मुंबईला जास्त जात असशील तर त्याप्रमाणे बघ.

तर माझं मत विचारशील तर घे. मोठी घेऊ नकोस, तुझ्या गल्लीत फिरणार नाही आणि पावसाळ्यात उंचावर हलवायला छोटीच बरी. पाणी वाढायची खबर आली की रात्रीच गाडी वरच्या अंगाला नेऊन लावायची जागा आधी ठरवून ठेव, कोणाच्या तरी अंगणाची परवानगी घेऊन ठेव, मग गाडी घे. काकांना पुढे बसव. ते बोलत नाहीत फारसे, पण गाडीत माणसं बोलतात.

मकर संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही तुमच्याकडे यायचं म्हणतोय, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली असं. आण्णांना घाट परत बघायचाय, आणि उतरताना थोडा वेळ तरी स्टेअरिंग मागतील असं मला वाटतंय. आईला परशुरामला जायचंय, पायऱ्या किती आहेत आणि गाडी देवळाच्या किती जवळ जाते ते विचारलंय तिनं. घाटातला रस्ता सध्या कसाय, चिपळुणात सीएनजीला पहाटे लाईन असते का, आणि तुझ्या घराशी गाडी लावायला जागा होईल का की दुकानापाशी लावू, एवढं तीन-चार दिवसांत कळव. वहिनींना सांग जेवणाचा फार घाट घालू नका, पण आंबोळ्या केल्या तर आण्णा नाही म्हणणार नाहीत.

तुझाच,
धायरीकर दोस्त